पंखातली टकटक

मी बॉम्बर बोलतोय. दचकू नका, दिवे मालवू नका. माझा पंख तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत जेमतेम पोचेल आणि माझ्या पोटात बॉम्ब नाही, नुसती हवा आहे. मी आयुष्यात एकदाही उडालो नाही. खोक्यातून मेजावर आणि एका मेजावरून दुसऱ्या मेजावर, एवढाच माझा प्रवास. तरी मला कुणी बिच्चारा म्हणायचं काम नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याकडे बघून हळहळणारे फार झालेत. माझ्या एका इंजिनापुढचा पंखा मोडलाय. डाव्या पंखावरचा हिरवा रंग उडून खालचं करडं प्लॅस्टिक उघडं पडलंय. पाठीवर बोटांचे तेलकट ठसे आहेत. परवाच एक गृहस्थ मान हलवत म्हणाले, "अरेरे, काय सुंदर मॉडेल असेल हे एके काळी!" एके काळी? मी त्यांच्या नाकासमोर बसलो होतो. आणि खरं सांगू का, मी आज जेवढा देखणा आहे तेवढा कधीच नव्हतो. कसा, ते ऐका.

माझा जन्म खोक्यात झाला. जन्म म्हणजे काय, तर प्लॅस्टिकच्या चौकटींना माझे हातपाय सुटे लटकत होते. इथे अर्धं पोट, तिथे अर्धं शेपूट, एका पिशवीत चाकं. खोक्याच्या झाकणावर माझं चित्र होतं म्हणे. मला आतून ते दिसायचं नाही, पण दुकानात येणारा प्रत्येक जण ते मोठमोठ्याने वाखाणायचा. आग, धूर, फाटलेले ढग आणि त्यातून झेपावणारा मी! ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. मी जन्माला यायच्या आधीच स्वतःला लढाई जिंकलेला समजायला लागलो.

मला विकत घेतलं ते एका कवळ्या बनवणाऱ्याने. दंतवैद्य त्याच्याकडे लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे. तो त्यावर मेण चढवायचा, गुलाबी ॲक्रिलिकच्या हिरड्या ओतायचा, त्यात दात बसवायचा. दिवसभर परक्यांच्या हसण्याची सोय करायची आणि संध्याकाळी घरी येऊन विमानं जोडायची. लग्न त्याने केलं नाही. त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, म्हणायची, "बायको आली असती तर बसली कुठे असती रे? प्रत्येक खुर्चीवर विमान उतरलंय."

गावात मॉडेलवाल्यांचं एक मंडळ होतं. दरवर्षी ते नगरसभागृहात प्रदर्शन भरवत आणि बक्षिसं देत. माझ्या कवळीवाल्याला दरवर्षी उत्तेजनार्थ मिळायचं. पहिलं नाही, दुसरं नाही, तिसरं पण नाही. एका वर्षी तर ते त्याला प्रदर्शन उघडायच्या आधीच देऊन टाकलं होतं, म्हणजे गडबडीत राहायला नको. त्या वर्षी त्याने ठरवलं की एकदा तरी पहिलं बक्षीस घ्यायचं. सुटं विमान करायचं नाही, अख्खा देखावा करायचा. जमीन, माणसं, गाड्या आणि मधोमध बॉम्बर. त्यासाठी त्याने मला निवडलं.

मलाच का, याला कारण होतं. माझ्या जातीची खरी विमानं युद्धाच्या काळात याच गावाबाहेरच्या कारखान्यात बनत आणि त्याची आई लग्नाआधी त्या कारखान्यात कामाला होती. काय काम करायची ते मात्र घरात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. "चहाच्या गाडीवर असेल," असं ताई म्हणायची. "नाहीतर कापडं शिवत असेल. आई आणि विमान!" आई त्यावर कधी काही बोलली नव्हती.

आई आता थकली होती. डोळ्यांनी पुरता दगा दिला होता. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळायचं. म्हणून ती मुलाकडे राहायला आली होती, आणि घरात रिकामी खोली एकच, ती विमानांची. खिडकीशी तिचा पलंग, भिंतीशी त्याचं मेज. तो काम करायचा आणि ती ऐकायची. कातरी कुठली, कानस कुठली, हे तिला आवाजावरून कळायचं. "आज हात जड पडतोय तुझा," ती म्हणायची. "दंतवैद्य ओरडले का?" आणि ते ओरडलेलेच असायचे.

आता माझ्या अंगाबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

माझा साचा जुना होता. जुन्या साच्यातल्या विमानांच्या अंगावर बारीक बारीक उंचवट्यांच्या ओळी असतात. ते रिव्हेट. खऱ्या विमानाचा पत्रा आतल्या सांगाड्यावर ज्या बुटक्या खिळ्यांनी ठोकून बसवतात, त्यांची डोकी. माझ्या पंखांवर त्यांच्या ओळीच्या ओळी होत्या.

एके दिवशी मंडळातले भिंगवाले घरी आले. ते घड्याळं दुरुस्त करणारे. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली तरी डोळ्याला भिंग लावायची सवय सुटली नव्हती. प्रदर्शनात परीक्षक तेच असायचे. त्यांनी मला उचललं, भिंगातून निरखलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे पुरळ आधी घासून काढा."

"खऱ्या विमानाला होतेच की रिव्हेट," कवळीवाला चाचरत म्हणाला.

"होते. पण आता हिशोब करा. विमान इतकं लहान केल्यावर रिव्हेट केवढा होईल? डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. हे जे आहे ना, ते त्या मापाने विमानाला लिंबाएवढे फोड आलेत, बरं का!"

माणूस लहरी होता, पण बोलण्यात खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी कवळीवाल्याने ओला पॉलिश-कागद घेतला आणि माझं अंग घासायला बसला. पांढरट पाणी वाहत राहिलं. एकेक ओळ गेली, पंख गुळगुळीत झाले. तेव्हा मला राग आला नाही, उलट मी सुखावलो. मोठ्या घरचा दिसायला लागलो ना!

"काय घासतोयस रे?" आईने पलंगावरून विचारलं.

"विमान. तुझ्या कारखान्यातलंच आहे, आई. तुला माहितीच नव्हतं ना? तुझ्यासाठीच करतोय."

हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं पहिल्या बक्षिसासाठी होतं.

मग मी जोडला गेलो. रंग चढला, वर हिरवा, खाली काळा. पाठीवर ताणलेल्या धाग्याची तार लागली. त्याने मला धावपट्टीच्या कडेला उभं केलं. शेवाळ वाळवून केलेलं गवत होतं, एक ट्रॅक्टर होता, बॉम्बनी भरलेली गाडी होती, आणि कमरेवर हात ठेवून उभे असलेले वैमानिक होते, ज्यांच्या मिशा त्याने एका केसाच्या ब्रशने रंगवल्या होत्या. भिंगवाले येऊन बघून गेले आणि जाताना म्हणाले, "यंदा बघू." एवढ्यावर कवळीवाला दिवसभर शीळ घालत होता. त्याने लगेच काचेच्या पेटीची ऑर्डर दिली.

पेटी यायच्या आत एक दिवस ताई आली. मला पाहून ती म्हणाली, "अरे, काचेत घालण्याआधी आईला तर दाखव. तिच्यासाठी केलंयस ना?"

"दाखवू कसं?"

"हाताने बघेल ती. दे इकडे."

ताईने देखाव्याची फळी उचलली आणि पलंगावर आईच्या मांडीवर ठेवली. कवळीवाला फळीची कड धरून उभा राहिला. आईचे हात माझ्या नाकावर आले. सुरकुतलेली बोटं, पण काय हलकी! नाकावरून काचेच्या घुमटावर, घुमटावरून पाठीवर. टक्. तार तुटली.

"आई, हळू गं!"

"काही मोडलं का?"

"नाही नाही," ताई म्हणाली आणि तिने भावाकडे डोळे वटारले.

मग ती बोटं माझ्या डाव्या पंखावर आली आणि थबकली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. आपल्याच घरात दिव्याचं बटण सापडू नये तशी ती चाचपडत होती. मग तिने मधल्या बोटाचं नख माझ्या पंखावर आपटलं. टक टक टक. तीनदा.

"हे आमचं नाही," ती म्हणाली.

"तेच आहे, आई. खोक्यावर नाव आहे ना."

"रिव्हेट कुठायत?"

कवळीवाला हसला. "काढले मी घासून. दिसायला बरे दिसत नव्हते."

"काढलेस?" आईचा आवाज इतका बारीक झाला की मला वाटलं, आता ही रडणार. पण ती रडली नाही, चिडली. "मी ठोकलेले रिव्हेट तू घासून काढलेस?"

"तू ठोकलेले?" ताई म्हणाली.

आणि मग आईने सांगितलं. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेच्या हातोडीने ठोकते, दुसरी पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा दाबून धरते, म्हणजे खिळ्याचं शेपूट आत चेपून बसतं. पंख निमुळता असतो, आत मोठं माणूस जात नाही. आई तेव्हा सतरा-अठराची होती आणि सगळ्यांत बुटकी. म्हणून तिला पंखात पाठवायचे. बूट बाहेर काढून ठेवायचे, पालथं पडायचं आणि सरकत आत जायचं. आत अंधार, तेलाचा वास आणि डोक्याशी हातोडीचा असा आवाज की शेजारी कुणी किंचाळलं तरी कळू नये. मग बोलायचं कसं? तर पत्र्यावर टकटक करून. एकदा म्हणजे चांगला बसला, पुढे चल. दोनदा म्हणजे आणखी ठोक. तीनदा म्हणजे वाकडा गेला, काढून टाक.

"अख्खं युद्ध मी तुझ्या त्या बॉम्बरच्या पंखात काढलं," आई म्हणाली. "बाहेरून तो कसा दिसतो ते मी धड पाहिलंही नाही."

ताईला हसू आवरलं नाही. वाईट मनाने नाही, कल्पनेनेच. "आई, तू? पंखात? मावलीस कशी?"

आईने पंखावरून हात उचलला. मग म्हणाली, "तुझे बाबाही असेच हसले होते. लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं मी. म्हणाले, पंखात कधी माणूस मावतं का? चारचौघांत सांगून हसले. मग मी पुन्हा नाही काढला तो विषय." तिने मला मांडीवरून ढकललं. "ने ते. छान झालंय. घाल काचेत."

आता मी तुम्हाला सांगतो, माझ्या अंगात तेव्हा काय झालं. झाकणावरच्या त्या आगीचा आणि ढगांचा मला एवढा गर्व होता, तो एका क्षणात कुचकामी वाटला. ज्या पंखांवर मी तोरा मिरवत होतो ते एका मुलीने अंधारात पालथं पडून बसवले होते, आणि तिची खूण माझ्या अंगावरून पुसून मी चकचकीत होऊन बसलो होतो. मला स्वतःचा गुळगुळीतपणा सहन होईना.

पण कवळीवाला? त्याला वाईट वाटलं, मी बघितलं ना. पण माणूस वाईट वाटलं की आधी कारणं शोधतो. तो ताईला स्वयंपाकघरात हळू आवाजात समजावत होता, "तिचं खरं आहे गं, पण माप म्हणून काही असतं. दिसणार नाही ते दाखवायचं कसं? आणि प्रदर्शन तोंडावर आलंय."

"तुला बक्षीस हवंय," ताई म्हणाली.

"हवंय मग! एकदा तरी नको का मिळायला?"

पेटी आली आणि मी काचेत गेलो. तुम्ही कधी काचेच्या आत राहिलाय? धूळ नाही, वारा नाही आणि कुणाचा आवाजही धड पोचत नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर आई पलंगावरून उठली, भिंत धरत धरत मेजाशी आली आणि तिने हात पुढे केला. बोटं काचेवर आपटली. तिने काच वरून चाचपली, बाजूने चाचपली. बराच वेळ हात तसाच टेकवून उभी राहिली आणि मग आली तशी परत गेली.

बास. तिथे माझं डोकं सणकलं. म्हटलं, या पेटीत मी राहणार नाही. पहिलं बक्षीस गेलं उडत, माझ्या आधी ते तरी उडू दे! पण आमच्यासारख्यांच्या हातात असतं काय? आईने मला मांडीवरून ढकललं तेव्हा माझ्या उजव्या चाकाचा डिंक ढिला झाला होता. मी त्या चाकावर सगळा भार टाकला. टाकतच राहिलो. आणि प्रदर्शन आठवड्यावर आलेलं असताना एका सकाळी मी एका पंखावर कलंडलो आणि मिशीवाल्या वैमानिकाला खाली चिरडलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

कवळीवाल्याने कपाळावर हात मारला. पेटी काढली, मला उलटा करून हातात घेतलं आणि चाक चिकटवायला पंखाच्या पोटाशी अंगठा नेला. चाकाच्या खोबणीत पॉलिश-कागद पोचला नव्हता. तिथे जुन्या रिव्हेटची एक ओळ शिल्लक होती. त्याचा अंगठा तिच्यावरून गेला आणि थांबला. मग त्याने डोळे मिटले आणि पुन्हा अंगठा फिरवला.

तो हसायला लागला. एकटाच, खो खो.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"आई, मी गाढव आहे." तो तिच्या पलंगावर जाऊन बसला. "माझ्याकडे रोज लोक भांडत येतात. कवळी टोचते म्हणतात. मी दिव्याखाली धरतो, काही दिसत नाही. ते म्हणतात, अहो, डोंगर आहे तिथे डोंगर! आणि बोट फिरवलं की खरंच सापडतो, धुळीएवढा कण. डोळ्याला जो दिसत नाही तो जिभेला डोंगर वाटतो. अख्खा जन्म मी हेच काम करतो, आणि तुझ्यासाठी विमान केलं ते डोळ्याच्या मापाने!"

आईला काही कळलं असेल-नसेल. तिने हात पुढे केला आणि त्याने मला तिच्या हातात दिलं.

त्या आठवड्यात काय गोंधळ झाला! धावपट्टी गेली, गवत गेलं, मिशा गेल्या. फळीवर कारखान्याची फरशी आली. माझी एका बाजूची इंजिनं उतरवली, शेपटाचा रंग खरवडला, म्हणजे मी पुन्हा अर्धवट झालो. त्याने सुईच्या टोकाने डिंकाचा थेंब उचलायचा आणि माझ्या पंखावर टेकवायचा. ओळीला ओळ. वाळलं की मला आईकडे न्यायचं. तिने बोट फिरवायचं आणि निकाल द्यायचा. टक टक, म्हणजे आणखी उंच हवा. टक टक टक, म्हणजे काढ ही ओळ.

"आता काय झालं हिला?"

"वाकडी आहे."

"केसभर असेल, आई!"

"आमचा साहेब असता तर त्याने घरी पाठवलं असतं."

ताई रोज यायला लागली. "आई, तू कारखान्यात साहेबीण होतीस की काय?" ती विचारायची. या वेळी तिचं हसणं वेगळं होतं आणि आईलाही ते कळत होतं.

बॉम्बच्या गाडीचं काय करायचं, ते त्याने आईला विचारलं. ती म्हणाली, "ती आमच्याकडे नसायची. आम्ही बनवून द्यायचो. पुढे ते कुठे गेलं, कुणाच्या घरावर गेलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ते माझ्या मनात आहे, राहू दे. पण फळीवर तू चित्रांत जे बघितलंस ते नको ठेवू, मी जे केलं ते ठेव." गाडी निघाली. माझं पोट रिकामं आहे ते तेव्हापासून. आणि कुणी कितीही शूर समजलं तरी त्या रिकाम्या पोटाचाच मला अभिमान आहे.

सगळ्यात शेवटी त्याने माझ्या डाव्या पंखाच्या पोटाला भोक पाडलं आणि त्यातून बाहेर आलेले दोन पाय बसवले. ते त्याने कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकमधून कोरले होते. पायांत मोजे. खाली फरशीवर बुटांचा एक जोड, तांदळाच्या दाण्याएवढा. पंखाशेजारी हातोडी घेतलेली दुसरी मुलगी. आईने ते बूट चाचपले, एकदा, दोनदा, आणि मग बाहीने डोळे पुसले. "डावा असाच पडायचा, आडवा," ती म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी भिंगवाले मला बघून उडालेच. "हे काय? परवा इतकं सुरेख होतं! पुन्हा पुरळ? आणि पेटी कुठाय?"

"पेटी नाही."

"नियम आहे. एकतर काच, नाहीतर दोरी."

"हे हात लावून बघायचं आहे."

"हात लावून? अहो, संध्याकाळपर्यंत उरायचं नाही काही!"

"नाही उरलं तर नाही," माझा कवळीवाला म्हणाला. आयुष्यभर उत्तेजनार्थ घेऊन मान खाली घालणारा तो माणूस! मला त्याच्यासाठी अर्ध्या इंजिनांवर उडावंसं वाटलं. भिंगवाल्यांनी आम्हाला बक्षिसाच्या रांगेतून काढलं आणि दाराजवळ, छत्र्या ठेवतात त्या कोपऱ्यात, एक मेज दिलं. प्रत्येक मेजावर 'हात लावू नये' अशी पाटी होती. ताईने आमची पाटी उचलली, 'नये' वर काट मारली आणि वर काढलं 'वा'. शब्द काही धड झाला नाही, पण लोकांना समजला.

आई माझ्याशेजारी खुर्चीत बसली. सुरुवातीला कुणी फिरकेना. मोठी माणसं हात मागे बांधून बघायची आणि निघून जायची. मग काठी टेकत एक जाडजूड म्हातारी आली. तिने ते गुलाबी पाय बघितले, तिथे पडलेले बूट बघितले. काठी मेजाला टेकवली आणि माझ्या पंखावर नख आपटलं. टक टक.

आई ताठ बसली. तिने पंखाखाली हात घातला, बोट आतून दाबून धरलं, खरोखर ठोकळा धरल्यासारखं. म्हातारीने वरून अंगठा दाबला. आणि मग वरून आवाज आला, टक. एकदाच.

"बाहेरची का गं तू?" आईने विचारलं. बाहेरून हातोडी मारणारी तिची जोडीदारीण युद्धानंतर तिला पुन्हा कधी भेटली नव्हती. "माझ्या पंखावरची?"

"नाही गं बाई," म्हातारी म्हणाली. "मी शेपटाला होते. आतच होते मीसुद्धा. माझ्या घरी पण कुणाला पटत नाही." आणि त्या दोघी हातात हात घालून अशा हसायला लागल्या की सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. ताई मात्र रडत होती. "आई," ती म्हणाली, "चुकलं माझं. मावत होतीस तू."

त्यानंतर मेजाभोवती गर्दी हटेना. गावात अशा किती आज्या होत्या, कुणाला पत्ता नव्हता! संध्याकाळपर्यंत माझा एक पंखा तुटला आणि हातोडीवाल्या मुलीची हातोडी कुणाच्या तरी बाहीला चिकटून गेली. बक्षीस तर सोडाच, उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. कवळीवाला दोन दिवस थोडा रुसून होता, नाही असं नाही. शेवटी तोही माणूसच.

पुढे बरीच वर्षं मी आईच्या उशाशी राहिलो. ती रोज एकदा पंखावरून हात फिरवायची. कधी दोनदा टकटक करायची, नुसती गंमत म्हणून. आणि एका सकाळी तिने नेहमीपेक्षा सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं आणि एकदाच नख टेकवलं. टक. चांगला बसला, पुढे चल. दुपारी ती गेली.

आता मी कवळीवाल्याच्या कामाच्या जागी, बाहेरच्या बाकाशेजारच्या मेजावर असतो. कवळी तयार होईपर्यंत बोळक्या तोंडाची माणसं इथे बसतात आणि चाळा म्हणून मला चाचपतात. मध्यंतरी भिंगवालेही आले, त्यांच्याही दातांनी राम म्हटला होता. मला बघून बोळक्या तोंडाने पुटपुटले, "शंग उशालाय. पेशीत ठेवा." माझा मालक म्हणाला, "नको." मग भिंग खिशात ठेवून, कुणी बघत नाही असं पाहून, त्यांनी माझ्या पंखावरून हळूच बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत होते.

तेव्हा माझी दया करू नका. मला पुसू नका, रंगवू नका, काचेत घालू नका. रंग उडाला तर उडू दे, मी तेवढ्यासाठीच आहे. इकडे या. हात धुतले नसले तरी चालेल. माझ्या डाव्या पंखावर बोट ठेवा, ओळ सापडेल. आत कुणीतरी पालथं पडून तुमच्या उत्तराची वाट बघतंय, असं समजा.

आणि एकदा टकटक करा. एकदाच.